अर्ध्या मॅचचं तिकीट

"पंधरा?" तातोबानं खिडकीच्या जाळीतून आत डोकावत विचारलं.

"पंधरा," मी म्हटलं.

"गेल्या सालापत्तूर पाच हुतं की ओ अक्का."

"गेलं साल गेलं."

तातोबा खोत म्हणजे वेशीजवळच्या कट्ट्यावर म्हशी आणून समोर धार काढून देणारा गवळी. पन्नाशीचा, डोक्याला रुमाल, खांद्यावर घोंगडं, आणि मॅचला येतानाही हातात दुधाची कासंडी. त्यानं कनवटीचे पैसे चाचपले, मग माझ्याकडे बघून हसला.

"मग असं करा, मला अर्ध्या म्याचचं द्या. साडेसात घ्या. मी हापला उठून जातोय, म्हशी वाट बघत्यात."

"सिनेमाचं अर्धं तिकीट मिळतं का हो?"

"शिनेमा पुरा बघतोय की मी."

"पुढचे या," मी म्हटलं. त्याच्या मागं कुणीच नव्हतं.

तातोबानं एकदा मागं वळून बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि "बरं हाय" म्हणून कासंडी हलवत निघून गेला. कोल्हापुरात माणूस भांडतो ते आपलं समजून. फुटबॉलच्या तिकिटावरून तातोबासारखा माणूस न भांडता गेला, तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मी पडले एम.कॉम., त्या दिवसांत माझ्या डोक्यात बेरजेशिवाय दुसरं काही शिरत नसे.

तो गुरुवार होता, रावसाहेब चषकाची फायनल, तोफखाना तालीम विरुद्ध विहिरीकडील तालीम. चषक सुरू केला होता माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, त्यांच्या वस्तादांच्या नावानं. आबा स्वतः जुने गोलकीपर. दोन बोटं वाकडी झालेली, आणि ती वाकडी बोटं दाखवूनच त्यांनी बावीस वर्षं चषक चालवला. त्या साली पहिल्यांदा तिकीट आणि गेट माझ्याकडं आलं होतं. कारण एकच, इंगवल्यांची विजयमाला कुणाला फुकट सोडत नाही अशी माझी ख्याती होती.

वर्षाच्या सुरुवातीलाच मैदान समितीचे मांगोरेसाहेब घरी येऊन सांगून गेले होते. "आबा, तारखा मागणारे लई झालेत. तुमच्या मॅचला मैदान भरलेलं दिसलं पाहिजे आणि शांतही राहिलं पाहिजे. न्हाईतर पुढच्या साली तुमच्या तारखा दुसऱ्याला द्याव्या लागतील." तारखा गेल्या म्हणजे चषक गेला. आबा त्या रात्री जेवले नाहीत.

मी कंबर कसली. पाचाचे पंधरा केले. शिवाय गेटवर एक जुनी गळती होती, तीही बंद केली. हाफ टाइमला बरेच लोक बाहेर पडत आणि फाटलेलं तिकीट बाहेरच्याच कुणाच्या तरी हातात देत, आणि तो बाहेरचा बिनधास्त आत येई. एका तिकिटावर दोन माणसं! मी गेटवर हुकूम सोडला की बाहेर जाणाऱ्याच्या हातातलं अर्धुक काढून घ्यायचं. म्हटलं, आता दोघंही तिकीट काढतील. प्रत्यक्षात दोघांनीही काढलं नाही. पहिल्या फेऱ्यांना मैदान ओस होतं, तरी मी आबांना सांगत राहिले, "फायनलला येतील."

फायनलला दोन्ही तालमींचे कट्टर तेवढे आले. तालमीच्या माणसाला पंधरा काय, पन्नास लावा, तो उसने काढून येईल. उत्तरेच्या पायऱ्यांवर विहिरीकडचे हिरवे झेंडे, दक्षिणेला तोफखान्याचे लाल. हलग्या दोन्हीकडं कडाडत होत्या. आणि मधल्या पायऱ्यांवर, जिथं गेल्या वर्षी पाय ठेवायला जागा नव्हती, तिथं एक कुत्रं ऊन खात पडलं होतं.

दुसऱ्या हाफमध्ये शेवटची दहा मिनिटं राहिली असताना एक थ्रो कुणाचा यावरून बोलाचाली झाली. उत्तरेकडून शिवी निघाली, ती मोकळ्या पायऱ्यांवरून सरळ दक्षिणेला पोचली. दक्षिणेकडून परत आली ती दगड होऊन. मग दोन्हीकडून दगड. कुत्रं पळालं. पंचांनी शिट्टी फुंकून मॅच बंद केली, एकही गोल झालेला नसताना.

मांगोरेसाहेब घाम पुसत आबांच्या समोर उभे राहिले. "आबा, तुमचा मान म्हणून सांगतो. रविवारी ही फायनल पुन्हा घ्या. पण मैदान असंच दिसलं तर माझे हात बांधलेले आहेत."

घरी दारात चपला काढताना आबांनी फक्त एवढं विचारलं, "माले, मधी कोन बसलं हुतं?"

"मधे कुणीच नव्हतं, आबा."

"हं," म्हणाले, आणि आत गेले.

तो हुंकार माझ्या जिव्हारी लागला. मला वाटलं होतं की मी चषक वाचवते आहे, आणि मीच त्याच्या गळ्याला नख लावलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी कामावरून सुटले ती सरळ कट्ट्यावर गेले. सात-आठ म्हशी रांगेनं उभ्या, गवळी उकिडवे बसून धार काढताहेत, गिऱ्हाइकं हातात पेले घेऊन थांबलेली. तातोबानं मला बघितलं, हातातलं काम न थांबवता म्हणाला, "या अक्का. पंधराला न्हाई, तीनाला गिलास हाय."

टोमणा मी गिळला आणि वरून दूधही प्याले. ओठावर फेसाची मिशी आली ती पुसली नि म्हटलं, "तातोबा, काल तुम्ही भांडला का नाहीत?"

"कशाला भांडू? तुमचं मैदान, तुमचं तिकीट. भांडायला आमी कोन? आमी कुठल्या तालमीचं हाय?"

"मग येत कशाला होता इतकी वर्षं?"

"बघायला." त्याला प्रश्नच वेडगळ वाटला असावा. "खेळ चांगला असतोय. चार वाजता म्हशी गोठ्यात रवंथ करत बसत्यात, साडेपाचला धारंची येळ. मधी तासभर मोकळा असतोय मी. पानाच्या टपरीवर बसन्यापेक्षा म्याच बरी. पाच रुपयांत तासभर बरा जातोय. पंधरात तेवढा बरा जात न्हाई, खोटं कशाला बोलू?"

एवढ्यात माझ्या मागून आवाज आला, "आनि दुसरा हाप माझा."

बघते तर निळ्या कपड्यांतला, काळ्या मातीनं माखलेला एक माणूस. इसाक मुल्लाणी. उद्यमनगरातल्या फौंड्रीत साचे करणारा मोल्डर.

"ह्योच त्यो," तातोबा म्हणाला. "माझं अर्धुक ह्येच्याकडं जातंय. म्हंजे जात हुतं."

"माझी पाळी साडेचारला सुटती," इसाक म्हणाला. "सायकल हाणत येतोय तवर पयला हाप संपल्याला असतोय. ह्यो गेटात उभा. मला अर्धुक देतोय आनि चार वाक्यांत सांगतोय. गोल किती, कोन पळतंय, कोन लंगडतंय, पंच कुनाच्या बाजूचा. मग मी आत."

"आनि मग उरल्याली म्याच ह्यो मला दुसऱ्या दिवशी सकाळी दुधाला आला की सांगतोय," तातोबा म्हणाला. "अकरा सालं झाली."

"अकरा वर्षांत तुम्ही दोघांनी एकही मॅच पूर्ण बघितली नाही?"

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. "सगळ्या बघितल्या की," इसाक म्हणाला.

माझ्यातली एम.कॉम. अजून मेली नव्हती. मी म्हटलं, "पण म्हणजे तुम्ही दोघं मिळून एकाचेच पैसे देत होता."

"दोघं मिळून एकच म्याच बघत हुतो की अक्का," तातोबा म्हणाला. आणि म्हशीच्या पाठीवर थाप मारून उठला.

मला खरंच लाज वाटली. बेरीज माझी होती, आणि चुकलीही माझीच होती.

"मग दगड पडले ते..." मी पुटपुटले.

"आमी असतो तर पडलं नसतं," इसाक म्हणाला. "मधी मानसं असली की दगूड कुनाच्या डोस्क्यात बसंल ह्येचा भरवसा न्हाई. मारनाऱ्याचाच मामा मधी बसल्याला असतोय. मग हात आपसूक खाली येतोय."

आबांच्या हुंकाराचा अर्थ मला तिथं, म्हशींच्या रांगेत उभी असताना कळला.

शनिवारी सकाळी आमच्या ओसरीवर चषक समितीची बैठक झाली. मी सांगितलं, उद्या दोन तिकिटं छापायची. पांढरं अर्धुक पहिल्या हाफचं, गुलाबी दुसऱ्या हाफचं. एकेक तीन रुपये. ज्याला जेवढी मॅच बघायची तेवढी त्यानं विकत घ्यावी.

गुलाबराव पाटणकर, आमचे खजिनदार, ताडकन म्हणाले, "अर्धं तिकीट? उद्या पंगतीत अर्धं जेवण वाढतासा काय? हसतील लोक."

"हसायला तरी येतील," मी म्हटलं.

"आनि दोनी हाप बघणारा सहा रुपयांत? कुठं पंधरा, कुठं सहा! आबा, काय तरी बोला की."

आबा इतका वेळ वाकडी बोटं चोळत बसले होते. म्हणाले, "गुलाबराव, गेटवर फाटकं तिकीट चालू द्या, असं बावीस सालं मीच सांगत हुतो गेटवाल्याला. हिला सांगितलं न्हाई."

"का नाही सांगितलंत, आबा?"

"तू इचारलं न्हाईस. आनि सांगितलं असतं तर तू कागद पेन्सिल घेऊन मला चूक ठरवलं असतंस." ओसरीवर सगळे हसले. मीही हसले, दुसरं काय करणार. "पोरीनं बिघडवलंय, पोरगीच निस्तरंल. छापा."

छापखानेवाला ओळखीचा, त्यानं दुपारपर्यंत गठ्ठे दिले. साडेचारला मी उद्यमनगरात फौंड्र्यांच्या फाटकांवर उभी राहून सुटणाऱ्या माणसांना सांगत होते. तिथली सुट्टी सोमवारची, त्यामुळं रविवारी पाळी भरणारच होती. सहाला कट्ट्यावर. तातोबानं पांढरं अर्धुक हातात धरून उलटंपालटं करून बघितलं आणि म्हणाला, "ह्ये बरं केलंसा. आता चोरून द्याय नगो." मग जरा विचार करून म्हणाला, "पर सगळा गाव म्याचला आला तर उद्या सांच्याला कट्ट्यावर दूध प्याला कोन येनार?" मी त्याकडं लक्ष दिलं नाही.

रविवारी साडेतीनला मी खिडकीत बसले. पावणेचारपर्यंत झेंडेवाले आले, हलगीवाले आले. मधला माणूस कुठं दिसेना. चषक, आबा, बावीस वर्षं, सगळं त्या तीन रुपयांवर लावून मी बसले होते.

आणि मग रस्त्याच्या टोकाकडून घंटांचा आवाज आला.

म्हशी! एक नाही, अकरा. रस्त्यानं डुलत डुलत आल्या, मागं गवळी, त्यांच्या मागं पेले घेतलेली कट्ट्यावरची नेहमीची गिऱ्हाइकं, आणि काय चाललंय ते बघायला निघालेला अर्धा बाजार. तातोबानं मैदानाच्या भिंतीच्या कडेनं म्हशी रांगेत बांधल्या, राखणीला एक म्हातारा बसवला आणि माझ्या खिडकीशी आला.

"कट्टाच हितं आनला," म्हणाला. "एक पांढरं द्या."

बंदोबस्ताचा हवालदार धावत आला. "बाई, ह्या म्हशी कुणाच्या परवानगीनं?"

"समितीच्या," मी बेधडक थाप मारली. "तुम्हीही दूध घ्या हाफ टाइमला, आमच्याकडून."

चार वाजता शिट्टी झाली तेव्हा पांढरा गठ्ठा संपत आला होता आणि मधल्या पायऱ्यांवर मुंगीलाही शिरायला वाव नव्हता. भाजीवाल्या बायका, शिंपी, मास्तर, गवळी. कुणाच्या हातात झेंडा नाही. कुणीही चांगला पास दिला की हे "व्वा" म्हणायचे, मग तो हिरवा असो की लाल. गेल्या गुरुवारी मैदानात नुसता गोंगाट होता, आज तिथं मॅच होती.

पहिला हाफ संपत आला असताना पंचांनी तोफखान्याला पेनल्टी दिली. झालं! उत्तरेच्या पायऱ्या खवळून उभ्या राहिल्या. "पंच विकला!" दक्षिणेकडून उत्तर गेलं. हलग्या थांबल्या. एकदोघांचे हात खाली वाकले ते मला खिडकीतून फाटकाच्या फटीतून दिसले. मांगोरेसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

मधल्या पायरीवर तातोबा उभा राहिला. म्हशी हाकून हाकून कमावलेला आवाज त्यानं मैदानावर सोडला.

"ए, बसा रं! भाईर अकरा म्हशी उभ्या हाईत. गोंधूळ केला तर बुजून दूध चोरतील, आनि मग हापला सगळ्यास्नी कोरा च्या प्यावा लागंल!"

मग मधल्या पायऱ्यांवर हशा फुटला, तो उत्तरेला गेला, तिथून दक्षिणेला. वाकलेले हात सरळ झाले. हसणाऱ्या माणसाला दगड मारता येत नाही. स्वतः पंचसुद्धा शिट्टी तोंडातून काढून हसत होते. पेनल्टी घेणाऱ्या पोराला हसू आवरेना, त्यानं बॉल बारवरून थेट म्हशींकडं धाडला, आणि मग तर विचारू नका.

हाफ टाइमला भिंतीच्या कडेनं अकरा ठिकाणी धारा वाजत होत्या. हिरवेवाले आणि लालवाले एकाच रांगेत पेले घेऊन उभे. तेवढ्यात उद्यमनगराकडून सायकली आल्या, एकामागून एक, निळे कपडे, काळे हात. गुलाबी गठ्ठा माझ्या हातून लाह्यांसारखा उडत होता. इसाकनं गुलाबी अर्धुक घेतलं आणि सवयीनं फाटकात तातोबाला शोधू लागला. तातोबानं म्हशीखालूनच ओरडून सांगितलं, "शून्य शून्य! पेनल्टी आबाळात गेली! हिरव्यांचा लंबू भारी पळतोय, लालांचा कीपर लंगडतोय!"

चार वाक्यं झाली. इसाक आत गेला.

दुसरा हाफ सुरू झाल्यावर पाचेक मिनिटांनी खिडकीत परत कासंडी आली. आता रिकामी.

"धारा झाल्या," तातोबा म्हणाला. "गिऱ्हाईकबी सगळं आतच हाय. अक्का, एक गुलाबी द्या की."

मी गुलाबी अर्धुक फाडलं. मग मी खिडकी बंद केली आणि त्याच्या मागोमाग आत गेले. त्या साली मीही एकही मॅच आत बसून बघितली नव्हती.

मधल्या पायरीवर इसाकनं सरकून जागा केली. अकरा वर्षांत पहिल्यांदा ते दोघं शेजारी बसले होते, आणि दोघंही नवऱ्या मुलासारखे अवघडले होते. तातोबाला दुसरा हाफ नवा. लोक दमतात, चुका करतात, बॉल कसाही मारतात, हे तो डोळे विस्फारून बघत होता. "ह्ये असं असतंय व्हय?" दर दोन मिनिटांनी विचारी. इसाक अभिमानानं सांगे, "थांब, आता खरी मजा हाय."

शेवटच्या मिनिटांत कॉर्नर मिळाला. हिरव्यांचा लंबू सगळ्यांच्या वर उठला आणि त्यानं डोक्यानं बॉल जाळीत घातला. मैदान उसळलं. विहिरीकडची उत्तर तर वेडीच झाली, पण मधली सगळी पायरीही उभी राहिली, तालीम नसलेली माणसं, तीन रुपयांची माणसं. मी तातोबाच्या खांद्यावर कधी हात टाकला नि किती जोरात ओरडले ते मला आठवत नाही. शेजारची भाजीवाली मात्र कान झाकत म्हणाली, "बाई, जरा दमानं." शिट्टी झाली तेव्हा हरलेल्या तोफखान्यालाही मधल्यांनी टाळ्या दिल्या, आणि त्यांची पोरं मान वर करून बाहेर पडली.

मांगोरेसाहेबांच्या हातात दुधाचा पेला होता. आबांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "पुढच्या सालच्या तारखा आत्ताच लिहून घ्या. म्हशींसकट." आबांनी वाकड्या बोटांनी डोळे पुसले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "मधी आज लई जण हुतं." तेवढं मला पुष्कळ झालं. आजपर्यंत पुरलंय.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होतील. चषक चालू आहे, तिकीटही दोन रंगांतच छापलं जातं, आणि फायनलला म्हशी येतात. पण मला ती फायनल आठवते ती दुसऱ्या दिवशीच्या सकाळमुळं.

सोमवारी सात वाजता मी मुद्दाम कट्ट्यावर गेले. तातोबा धार काढत बसला होता. इसाकला सुट्टी होती, तरी तो पेला घेऊन वेळेवर हजर होता. मी आले ते त्यांना दिसलं नाही, म्हणून जरा मागंच थांबले.

"मग, दुसऱ्या हापला काय झालं?" तातोबानं विचारलं.

इसाकनं पेला खाली ठेवला आणि घसा साफ केला. "काय सांगू तुला. पयली पाच मिनटं काय खरं न्हवतं..."

आणि तो सगळा हाफ सांगू लागला, अगदी पहिल्यापासून, कॉर्नर कुठून आला, लंबू केवढा उठला. तातोबा मान हलवत, डोळे बारीक करून ऐकत होता, जणू तो तिथं नव्हताच.

"आनि मग?" तो विचारत होता. "मग?"